बाबांच्या आवाजाविरुद्ध तक्रार

इंदोरा, नागपूर
सोमवार

प्रिय काजल,

सप्रेम जयभीम. पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. नंदीला माझा पत्ता दिला कोणी, हाच पहिला विचार आला असेल. तूच दिलास वं! म्हणजे तुझ्या कंपनीनं दिला. बाबांच्या चॅनलवर जी तक्रार आली, तिच्याखाली तक्रारदार म्हणून तुझं अख्खं नाव आहे आणि नावाखाली पुण्याच्या सोसायटीचा, मजल्याचा, फ्लॅटचा पत्ता आहे. इतकी वर्षं मी तुझ्या मावशीला विचारत होते, काजल आता राहते कुठं, तर ती म्हणे मोठ्या बिल्डिंगीत. त्या बिल्डिंगीचं नाव मला असं कळायचं होतं.

फोन काहून नाही केला म्हणशील. तुझा जुना नंबर लागत नाही. इन्स्टावर तीनदा लिहिलं. मी लिहिलं की माझ्या बाबांचं चॅनल बंद पडून राहिलं आहे, तू ताबडतोब बोल. त्यावर तुझ्या टीमचं उत्तर आलं की आपल्या प्रेमाबद्दल आम्ही आभारी आहोत, आणि पुढे निळा बदाम. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी वकीलबाई म्हणाल्या, जे सांगायचं ते कागदावर लिहून पाठवा. कुरिअरवाला म्हणतो परवा पोचेल. पोचू दे बाप्पा वेळेवर.

आधी मुद्द्याचं सांगते, मग वाटेल तितकं बोलेन, कारण मी बोलायला लागले की मुद्दा मागे राहतो हे तुला माहीत आहे. बाबांच्या चॅनलवर तुझ्या नावानं दोन तक्रारी लागल्या आणि दोन गाणी उडाली. शुक्रवारी तिसरीची सूचना आली, आठवड्याची मुदत देऊन. तिसरी लागली की एक गाणं जात नाही, चॅनलच जातं. बाबांची सगळी गाणी, त्यांच्याखाली लोकांनी लिहिलेलं सगळं, एका झटक्यात. आणि त्यांना पुन्हा दुसरं चॅनलही काढता येत नाही, असा नियम आहे. चोराला पुन्हा दुकान मांडू देत नाहीत, तसं. शुक्रवारनंतर लॅबमध्ये एका पेशंटची नस मला दोनदा सापडली नाही, जे माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

तुला हे चॅनल कधी सुरू झालं तेही माहीत नसेल. लॉकडाऊनमध्ये बाबांचे कार्यक्रम बंद पडले, आणि गाणारा माणूस घरात बसला की घराला जाच होतो. दिवसभर आईच्या स्वयंपाकात नाक खुपसायचे. मीठ जास्त, फोडणी कमी. आई वैतागून म्हणाली, ह्यांना कशात तरी गुंतव वं. मग मी पलंगाखालच्या खोक्यातल्या कॅसेटी काढल्या. मी धंतोलीत रक्त काढणारी बाई, मला काय कळतंय ह्यातलं! पण शिकले. एकेक कॅसेट टेपवर लावायची, मोबाइलमध्ये भरायची, वर बाबांचा फोटो लावायचा आणि टाकून द्यायची. पहिल्या आठवड्यात ऐकणारे आम्ही तिघंच. मग पवनीच्या एका माणसानं खाली लिहिलं की आमच्या विहारात दर रविवारी आता हीच गाणी लागतात. कुणी दुबईहून लिहिलं, कुणी उमरेडच्या खाणीतून. बाबा चष्मा लावून एकेक वाचायचे आणि मला प्रत्येकाला जयभीम लिहायला लावायचे. माझी बोटं दुखायची, पण त्यांचा चेहरा बघून मी लिहायची.

ती गाणी कशी भरली होती ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथंच होतीस. उन्हाळ्याची दुपार, कारण त्या वेळी गल्लीत पोरं नसायची. कुलर बंद, कारण कुलरची घरघर टेपमध्ये यायची. वर पत्रे तापलेले, दारं-खिडक्या लावलेल्या. लहानूकाकांच्या ढोलकीवर टपटप घाम पडायचा आणि ते शिव्या देत देत पुसायचे. कंपनी नाही, बिंपनी नाही, बाबांचा स्वतःचा टेप आणि मधोमध उशीवर ठेवलेला माइक. तू आणि मी मागे कोरसला. तुझा वरचा सूर लागला की बाबा बोटानं आईला खूण करायचे, बघ म्हणून. मी अशी बेसूर की मला नुसत्या टाळ्या वाजवायला बसवलं होतं. तुझा हेवा वाटायचा मला, पण राग येत नसे, कारण तू होतीसच तशी. तुझी आई कामावर जायची आणि तू शाळेतून थेट आमच्याकडे. बाबा तुला दुसरी पोरगी म्हणायचे, आणि खरं सांगू, कधीकधी पहिलीच म्हणायचे.

आपल्यात कुणाचंही गाणं कुणीही म्हणतं, आजवर कुणी कुणाची परवानगी मागितली नाही. कामठीच्या गायन पार्टीनं बाबांची गाणी म्हटली, बाबांनी भंडाऱ्याकडच्यांची म्हटली. एकच गोष्ट पाळायची, शेवटचं कडवं गाळायचं नाही, कारण त्यात लिहिणाऱ्याचं नाव असतं. गाणं खुशाल न्या, पण माणसाला मागे टाकून जाऊ नका, असं लहानूकाका म्हणायचे. कुणी नव्या पोरानं घाईत ते कडवं सोडलं की त्यांची ढोलकी तिथंच थांबायची, भर स्टेजवर. पोरगा कानकोंडा व्हायचा आणि मग ते म्हणूनच खाली उतरायचा.

आता तुझ्या गाण्याचं. चौदा एप्रिलच्या आधी तुझा व्हिडिओ आला तेव्हा आमच्या गल्लीत जणू लग्न होतं. ‘पहाट दारी थांबली’, आपलं गाणं, आणि समोर आपली काजल, निळ्या साडीत, मागे वीस-वीस वाजवणारे! डीजेवर तेच, रिक्षात तेच. आईनं शेजारणींना धरून धरून दाखवलं, ही आमच्या ओसरीवर गायची म्हणून. मी तर लॅबमधल्या डॉक्टरांनाही ऐकवलं. आणि सुरुवातीला तू बाबांचा आलाप ठेवलास, जुन्या कॅसेटमधला, जसाच्या तसा. गुरूच्या आवाजानं सुरुवात करायची म्हणून ठेवलास, प्रेमानं ठेवलास, हे मला कुणी सांगायला नको. तो ऐकून बाबांनी डोळे पुसले. मग पुढे तुझा आवाज लागला, आणि काय लागला वं! बाबा मांडीवर ताल धरून ऐकत होते. गाणं संपलं. ते मला म्हणाले, नेट तुटलं वाटते, पुन्हा लाव. मी पुन्हा लावलं. ते पुन्हा तिथंच संपलं. “प्रेमानंद म्हणे गड्या, रात आमची संपली” हे बाबांच्या नावाचं कडवं येतच नाही. मी खाली बघितलं, तिथं लिहिलं होतं, गीत आणि चाल: पारंपरिक. मी मोबाइल पालथा ठेवला आणि म्हटलं, हो, नेटच तुटलं असेल.

तुझा राग आला का? आला. खोटं कशाला बोलू. जिवंत माणूस घरात बसलेला, सकाळी चहात बिस्किट बुडवून खातो, आणि तो पारंपरिक? पण मी स्वतःलाच समजावलं. व्हिडिओ लहान लागत असेल, कंपनीच्या कुणीतरी कापलं असेल, पोरीला विचारलंही नसेल. बाबांनी तर तुझ्या व्हिडिओखाली मला लिहायला लावलं, पोरी, सूर पक्का आहे, जयभीम. ते तू वाचलं असशील असं त्यांना अजून वाटतं.

त्यानंतर महिनाभरानं पहिली तक्रार आली. माझी समजूत की काहीतरी चुकीनं आलं असेल. दुसरी आली तेव्हा मी रामदासपेठेत वकीलबाई गाठल्या, श्वेता मॅडम. तरुण आहेत, हेच काम करतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि झालं काय ते सांगितलं. तुझ्या कंपनीनं तुझी सगळी गाणी त्या साइटच्या मशीनमध्ये नोंदवली. मशीन दिवसरात्र ऐकत बसतं आणि जिथं तसाच आवाज सापडेल तिथं बोट दाखवतं. बाबांची तू नंतर म्हटलेली गाणीही तशीच, प्रत्येकाच्या सुरुवातीला त्यांचा कॅसेटमधला आलाप. तोच आलाप बाबांच्या चॅनलवर. मशीनला कोण आधी जन्मलं हे कळत नाही, कोण आधी नोंदलं एवढंच कळतं. त्यानं दाखवलं की हा म्हातारा काजलचा आवाज चोरून बसला आहे. आणि कंपनीच्या पोरानं न ऐकता, यादीवर खुणा कराव्यात तशा, तुझ्या नावानं तक्रारी धाडून दिल्या. तू प्रेमानं ठेवलेल्या आलापानंच हे सगळं केलं बघ.

श्वेता मॅडमनी तुझं आणि बाबांचं, दोन्ही गाणी हेडफोन लावून ऐकली आणि एकदम हसल्या. मला म्हणाल्या, हे मागे काय वाजतंय? काजल, ती आईच्या कुकरची शिट्टी आहे! आलापाच्या शेवटी, अगदी बारीक. आई तेव्हा आत डाळ लावून बसली होती आणि बाबा नंतर केवढे चिडले होते, तुला आठवत असेल. तुझ्या पुण्याच्या एवढ्या मोठ्या स्टुडिओतल्या गाण्यात आमच्या घरची डाळ शिजते आहे आणि तुमच्या एकाही शहाण्याच्या कानावर आली नाही. मॅडम म्हणाल्या, ह्याहून चांगला पुरावा मी बघितला नाही. मी पण हसले. पण घरी येईपर्यंत हसू टिकलं नाही.

कायदा काय म्हणतो ते मॅडमनी मला पोराला समजवावं तसं समजावलं, आणि तूही ऐकून ठेव, कारण तुझ्याही गळ्याचा प्रश्न आहे. ज्यानं लिहिलं, चाल लावली, स्वतःच्या टेपवर भरलं, हक्क त्याचा. त्यासाठी कुठं नोंद करावी लागत नाही, गाणं झालं तेव्हाच तो लागू झाला. आणि नाव लावायचा हक्क तर असा आहे की गाणं विकून टाकलं तरी तो जात नाही, मग न विकता कसा जाईल. हे ऐकून मला एवढं बळ आलं! मग मी विचारलं, कायदा आमच्या बाजूचा आहे तर त्या साइटवाल्यांनी गाणी काढली काहून? त्यावर त्या म्हणाल्या, तो कायदा त्यांनाही सांभाळतो. लकडगंजच्या एखाद्या आडतीत शंभर जणांचा माल पडलेला असतो. कुणी येऊन म्हणालं की हा सागवान माझा आहे, चोरीचा आहे, तर आडतवाला आधी तो माल बाहेर काढतो. न्याय करत बसत नाही. बसला तर तोच अडकेल. तक्रार आली की काढायचं, समोरच्याचं लेखी उत्तर आलं की तक्रारवाल्याला सांगायचं, आता कोर्टात जा, आणि तो ठरल्या मुदतीत गेला नाही की माल पुन्हा जागेवर. एवढंच त्यांचं काम.

आणि गंमत बघ, ह्याच कायद्यानं मागच्या वर्षी मला किती सुख दिलं होतं. कुठल्यातरी चॅनलवाल्यानं बाबांची गाणी उचलून स्वतःच्या नावानं चढवली होती. मी तक्रार टाकली आणि दोन दिवसांत सगळी साफ! तेव्हा मी गल्लीभर सांगत फिरले की आता आपल्या लोकांची गाणी कुणी पळवू शकत नाही, कायदा आहे. आज कायद्याचं तेच दार आमच्यावर लागलं आणि मला दाराचा राग येतो आहे. मॅडम म्हणाल्या दार वाईट नाही, चुकीच्या माणसानं चुकीच्या माणसावर लावलं. बरोबर असेल त्यांचं.

मग सोपं आहे, म्हणशील. लेखी उत्तर द्या, हे आवाज माझेच आहेत म्हणून, आणि मोकळे व्हा. उत्तर तयारही आहे, मॅडमनी लिहून दिलं. पण चॅनल बाबांच्या नावाचं, गाणी बाबांची, खाली सही बाबांची लागते. आणि बाबा सही करत नाहीत. कागद वाचला, वर तुझं नाव दिसलं आणि पेन बाजूला ठेवलं. म्हणतात, पोरीनं माझ्यावर तक्रार केली तर तिची चूक असेल, पण मी तिच्यावर कागद करणार नाही. मी सांगितलं, बाबा, हा तिच्यावर कागद नाही, आपल्यासाठी आहे. आईनं सांगितलं, चिडून सांगितलं, रडून सांगितलं. मी त्यांची सही ठोकून द्यायचाही विचार केला होता, आता तुझ्यापासून काय लपवू. पण मॅडम म्हणाल्या की तसं केलंत तर जे खरं आहे तेही खोटं ठरेल. मग ते तिसरं गाणं आपणच काढून टाकावं, म्हणजे निदान चॅनल वाचेल, असंही सुचवलं. बाबा म्हणाले, स्वतःच्या हातानं काढलं म्हणजे चोरी कबूलच केली.

त्यांच्या मनाला खरं लागलं ते दुसरंच. जिथं गाणं होतं तिथं आता काळी चौकट आहे आणि आत लिहून येतं की काजलच्या तक्रारीवरून हा व्हिडिओ काढला आहे, हा तिच्या मालकीचा आहे. पवनीचा माणूस रविवारी लावायला गेला तर त्याला तेच दिसलं. त्यानं खाली लिहिलं, काका, तुम्ही दुसऱ्याचं गाणं टाकलं होतं का? एवढंच. वाईट हेतूनं नाही लिहिलं त्यानं. पण बाबांनी ते वाचलं, आणि त्या दिवसापासून मोबाइलला हात लावला नाही. पेनड्राइव्हवर सगळी गाणी आहेत, मी सांगितलं, एकही हरवणार नाही. ते म्हणतात, डब्यात ठेवलेल्या आवाजाले काय करू, लोकांत तो चोरीचा ठरला ना.

आता जे मी आतापर्यंत टाळत आले ते लिहिते. ह्या चौदा एप्रिलला बाबा गायले नाहीत. पहिल्यांदा. तुला कुणी कळवलं नसेल, आणि कळवलं असेल तर वय झालं म्हणून सांगितलं असेल. हिवाळ्यापासून त्यांचा आवाज बसला होता. आम्ही म्हणायचो तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा, ते म्हणायचे सर्दी आहे. उन्हाळा लागला तर कुलरच्या गारव्याला दोष. शेवटी मीच ओढून धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं, आणि तपासायला काढलेला तुकडा माझ्याच लॅबमध्ये आला. रिपोर्ट छापून माझ्या हातात पडला, मी पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. गळ्यात गाठ आहे, वाईट गाठ. डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. लवकर काढलं तर माणूस वाचतो, चांगली दहा-पंधरा वर्षं जगलेली माणसं आहेत त्यांच्याकडे. आवाज मात्र राहणार नाही. मला वाटलं होतं बाबा हे ऐकून कोसळतील. ते शांतपणे म्हणाले, चालते. माझा आवाज नंदीनं लोकांत ठेवून दिला आहे, आता गळ्यातला गेला तरी हरकत नाही. तेव्हा चॅनलवर सगळी गाणी होती, काजल. तुझी पहिली तक्रार यायची होती.

गेल्या आठवड्यात बेड मिळाला. आईनं पिशवी भरली, दारात रिक्षा आली, आणि बाबा खाटेवरून उठले नाहीत. आत्ता गळा काढू देत नाही, म्हणाले. आईला वाटलं भ्याले. भ्याले नव्हते वं, ते बोलावण्याची वाट बघून राहिले आहेत. तुझ्या-माझ्या जन्माआधी दोन गायन पार्ट्यांत एखाद्या गाण्यावरून भांडण झालं की पंच बसायचे, दोघांना समोरासमोर उभं करायचे आणि अख्खं गाणं म्हणायला लावायचे. जो चालीसकट, न अडखळता शेवटपर्यंत गेला, गाणं त्याचं. मग दोघं गळ्यात गळा घालून चहा प्यायचे. बाबांची पक्की समजूत आहे की कोर्ट म्हणजे तेच. काजलनं तक्रार केली आहे तर एक दिवस बोलावणं येईलच, जज म्हणतील, प्रेमानंद, गाऊन दाखवा. आणि त्या दिवशी माझ्या गळ्यात काही नसलं तर मी जन्मभराचा चोर ठरलो, म्हणतात. तुझ्यावर राग नाही त्यांचा, उलट तू समोर उभी राहून गाशील ह्याचं त्यांना अप्रूप आहे. रोज सकाळी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करतात, त्या दिवसासाठी. मी सांगून थकले, श्वेता मॅडमनी घरी येऊन सांगितलं की असं कुणी बोलावत नसतं. ते म्हणतात, तुम्ही आजच्या पोरी, तुम्हाले काय मालूम. काजल, तुमच्या कंपनीतलं कुणी कोर्टात जाणार नाही, बोलावणं कधीच येणार नाही, आणि ती गाठ काही त्याची वाट बघत थांबलेली नाही. डॉक्टरांनी मोठ्या मिनतवारीनं येत्या सोमवारचा बेड दिला आहे, आणि पुढचं सांगता येत नाही म्हणाले. तक्रार मागे घे, पण नुसती मागे घेऊन भागायचं नाही. माझा नंबर तोच आहे. फोन कर, बाबांना मागून घे, आणि तूच त्यांना सांग की पंच उठले, गाणं तुमचं ठरलं, आता गाऊन दाखवायची गरज नाही. तुझ्या तोंडून हे ऐकल्याशिवाय ते रिक्षात बसणार नाहीत.

चिडलेली, भ्यालेली, तरी तुझीच,
नंदिनी